वॅटच्या आकड्याखालची बारीक अक्षरे

दोन ए.व्ही. रिसीव्हरांची (टीव्ही-सिनेमाचा आवाज वाढवून घरातल्या अनेक स्पीकरांना पुरवणाऱ्या यंत्रांची) माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवली की नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते, आणि ती तिथेच अडकावी अशीच त्यांची मांडणी असते. एकावर १०० वॅट, दुसऱ्यावर १५०. निवड झाल्यातच जमा. पण खालची बारीक अक्षरे वाचावीत. पहिल्याचे १०० वॅट ८ ओहमच्या भारावर (म्हणजे स्पीकरच्या विद्युत विरोधावर), दोन चॅनेल (एकेका स्पीकरला जाणाऱ्या आवाजाच्या वाटा) एकदम चालवून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतच्या सबंध पट्ट्यात आणि ०.०८ टक्के विकृतीच्या (आवाजातल्या बिघाडाच्या) आत मोजलेले असतात. दुसऱ्याचे १५० वॅट मात्र ६ ओहमवर, एकच चॅनेल चालवून, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर आणि १० टक्के विकृती खपवून घेऊन काढलेले असतात. एकाची उंची अनवाणी मोजायची आणि दुसऱ्याची उंच टाचांच्या चपलांसकट, असाच हा प्रकार. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली वॅटच्या दाव्यांसाठी नियम करावा लागला, तो काही उगाच नव्हे.

बरे, दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत असे धरले तरी १०० आणि १५० वॅटांत फरक पडतो जेमतेम पावणेदोन डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचे (ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठा आवाज देतो, त्याचे हे माप) स्पीकर निवडले, तर तेवढ्याच वॅटांत दुप्पट शक्तीचे काम होते.

माझ्या मते खरी तुलना करावी ती खोलीचा आवाज सुधारणाऱ्या यंत्रणेची. सोबत आलेला छोटा माइक बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि घरातल्या सर्वांनी गप्प राहायचे. मग एकेक स्पीकर खालच्या पट्टीतून वर चढत जाणारी विचित्र शीळ घालतो आणि रिसीव्हर त्याचे अंतर, पातळी आणि खोलीने घडवलेले चढउतार टिपून घेतो. अशा यंत्रणांपैकी ऑडिसी काय किंवा डिरॅक लाइव्ह काय, कोपऱ्यात घुमणारा खर्ज आटोक्यात आणण्यात त्यांचा जो उपयोग होतो, तो जास्तीच्या पन्नास वॅटांनी होणार नाही.

चॅनेलच्या आकड्यांतही मेख असते. ५.१.२ मधले ५ मुख्य स्पीकर, १ सबवूफर म्हणजे खर्जाचा स्पीकर, आणि शेवटचा २ हा डॉल्बी ॲटमॉसच्या, म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीच्या, उंचीवरच्या स्पीकरांचा, पण ७.२ मधला २ हा स्वस्त मॉडेलांत बहुधा एकाच सिग्नलच्या दोन सबवूफर जॅकांपुरताच असतो. टीव्हीवरच्या ॲपचा आवाज साध्या एआरसीनेही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे परत आणणाऱ्या सोयीने) भागतो. टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरचा ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला) आवाज मूळ रूपात हवा असेल तरच ईएआरसीचा, म्हणजे एआरसीच्या सुधारित रूपाचा, आग्रह धरावा.

म्हणून मी दर्शनी भागाआधी रिसीव्हरच्या पाठीमागचा फोटो पाहतो. तिथे सर्व चॅनेलांचे प्री-आउट (शक्ती वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणारे जॅक) दिसले, तर पुढे हवा तेव्हा वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडता येतो आणि वॅटचा वाद आजच मिटवण्याची गरज उरत नाही.