फिकट गुलाबी

त्या दिवशी महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि प्रयोग नेहमीचाच होता. शंकुपात्रात दहा मिलिलिटर आम्ल, ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या, मापे कोरलेल्या काचनळीत, अल्कली, आणि आम्ल संपले की रंग बदलणारा दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. रंगहीन द्रावणात टिकून राहणारी पहिली फिकट गुलाबी छटा दिसली की थांबायचे आणि ब्युरेटवरचे वाचन लिहायचे. कॉपी होऊ नये म्हणून आम्ही लागून असलेल्या टेबलांवरच्या आम्लांची तीव्रता वेगवेगळी ठेवतो आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगत नाही. त्या बॅचमध्ये एका टेबलाचे उत्तर १२.४ मिलिलिटर यायला हवे होते आणि त्याच्या शेजारच्या टेबलाचे ९.७.

उत्तरपत्रिका गोळा करताना मला दिसले की ९.७ च्या टेबलावरच्या मुलाने तिन्ही वेळा १२.४ लिहिले आहे. आमच्याकडे नियम स्पष्ट आहे. असे प्रकरण परीक्षा समितीकडे जाते आणि प्रात्यक्षिकाचे सगळे गुण जातात. मला राग आला होता, आणि त्या रागात थोडे आश्चर्यही होते, कारण हा मुलगा लेखी परीक्षेत वर्गात पहिल्या पाचांत असे आणि गणिती उदाहरणे तर माझ्याआधी सोडवून मोकळा होई. त्याच्या जर्नलवर मात्र मी त्या सत्रात दोनदा ‘निरीक्षणे काळजीपूर्वक घ्यावीत’ असा शेरा मारला होता.

बाकीची बॅच गेल्यावर मी त्याला थांबवून घेतले. त्याने काहीच नाकारले नाही. ‘हो मॅडम, शेजारचे पाहून लिहिले,’ एवढेच म्हणाला. का, या प्रश्नावर तो गप्प राहिला. तेव्हा मी त्याला म्हटले, ‘मग आता माझ्यासमोर एकदा करून दाखव.’

पुढची दहा मिनिटे मी विसरलेले नाही. त्याने ब्युरेट आधी पाण्याने आणि मग अल्कलीने विसळली, तोटीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा काढला, शंकुपात्राखाली पांढरी फरशी सरकवली आणि डोळे वाचनाच्या रेषेत यावेत म्हणून गुडघे वाकवून सुरुवातीचे वाचन घेतले. इतक्या नेटकेपणाने हे करणारी मुले वर्षाला दोन-चारच भेटतात. नऊच्या पुढे त्याने तोटी आवळून थेंब-थेंब सोडायला घेतले. मी चार फुटांवर उभी होते आणि तेथून मला पात्रातले द्रावण गुलाबी झालेले दिसले. तो थांबला नाही. एक थेंब, पात्र हलवणे, टक लावून पाहणे, पुन्हा एक थेंब. द्रावण गडद होत होत अगदी राणी रंगाचे झाले, तरी तो त्याच जपणुकीने थेंब सोडत होता. शेवटी तो थांबला तेव्हा तो शंकुपात्राकडे पाहत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

‘तुला यात आता कोणता रंग दिसतो आहे?’ मी विचारले.

‘थोडेसे मळकट झाले आहे, एवढे कळते मॅडम. केव्हापासून ते नाही सांगता येत.’

मग हळूहळू सगळे बाहेर आले. लहानपणी शाळेत त्याने झाडाची पाने तपकिरी रंगवली होती आणि सगळा वर्ग हसला होता. पुढे रंगीत ठिपक्यांत लपलेले अंक ओळखायच्या तक्त्याचे चित्र त्याने एका पुस्तकात पाहिले, त्याला त्यात एकही अंक दिसेना, तेव्हा आपल्याला काय आहे ते त्याचे त्यालाच समजले. त्याने ते घरीही सांगितले नाही. वैमानिकांना आणि रेल्वेचालकांना रंगदृष्टीची चाचणी द्यावी लागते हे त्याला ठाऊक होते, त्यावरून प्रयोगशाळेतूनही आपल्याला काढतील अशी त्याने गाठ बांधून घेतली होती. एरवी प्रात्यक्षिके जोडीने होतात, तेव्हा तोटी हा सांभाळायचा आणि मित्र रंग पाहून हळूच ‘बस’ म्हणायचा. परीक्षेत जोडी नसते, म्हणून त्याने शेजारचा आकडा उचलला.

कॉपी करणारा म्हणून ओळखले जाणे त्याला परवडत होते आणि लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे सांगणे परवडत नव्हते. त्याच्या जागी बसून पाहिले तर ही निवड अविचाराची नव्हती. कॉपीची शिक्षा एका परीक्षेपुरती असते, हे त्याला माहीत होते. दुसऱ्या गोष्टीची शिक्षा किती मोठी असेल, किंवा असेल तरी का, हे त्याला आम्ही कोणी कधी सांगितलेच नव्हते.

हा दोष दुर्मिळही नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के आढळतो, इतर वंशांत काहीसा कमी. संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलींत तो फारच थोड्या जणींना असतो. म्हणजे इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून अशी कितीतरी मुले गेली असणार, आणि त्यांनीही आपापला ‘बस’ म्हणणारा मित्र शोधला असणार. हा विचार मला त्या दुपारी फार लागला.

धीर द्यावा म्हणून मी त्याला जॉन डाल्टनचे सांगू लागले. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाला हाच दोष होता, त्याने १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला, आणि त्याच्या जपून ठेवलेल्या डोळ्यातील डीएनए तपासून १९९५ मध्ये दोषाचा नेमका प्रकारही ठरवण्यात आला. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘हे मी वाचले आहे मॅडम. पण त्याला प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागली नव्हती.’ त्याचे म्हणणे खरे होते. त्याला थोर उदाहरण नको होते, त्याला अंतिम बिंदू, म्हणजे आम्ल संपून थांबायचे तो क्षण, ओळखायचा उपाय हवा होता.

आणि उपाय त्याच खोलीत, काचेच्या कपाटात होता. द्रावण किती आम्ल किंवा किती अल्कली आहे ते आकड्यात, म्हणजे पीएचमध्ये, दाखवणारे पीएच मापक आम्ही वरच्या वर्गांसाठी राखून ठेवतो. प्रत्येक वेळी किती अल्कली घातली आणि पीएच किती झाला हे लिहीत जायचे आणि आलेख काढायचा. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली असतील तर शेवटच्या एकदोन थेंबांत पीएच साधारण ४ वरून १० वर उडी घेतो, आणि ती उडी कागदावर कोणालाही दिसते. मी नियमावली पुन्हा वाचली. अंतिम बिंदू रंगावरूनच ओळखला पाहिजे असे तिच्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

कॉपीचे प्रकरण मात्र मी दाबू शकत नव्हते आणि दाबावे असे मला वाटतही नव्हते. समितीला कारणासह कळवायचे की कारणाविना, हे मी त्याच्यावर सोपवले, कारण ती गोष्ट त्याची होती, माझी नव्हे. त्याने आधी विचारले, ‘मित्राचे नाव येईल का?’ परीक्षेत मित्राने काही केलेले नव्हते, म्हणून येणार नाही असे मी सांगितले. त्याने एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज घेऊन आला. पहिल्या परिच्छेदात कॉपी केल्याची कबुली होती, दुसऱ्यात दृष्टीदोष, आणि दोहोंमध्ये ‘म्हणून’ हा शब्द त्याने कटाक्षाने टाळला होता.

समितीने पहिल्या परीक्षेला शून्य कायम ठेवले आणि फेरपरीक्षा मान्य केली. तिचे गुण मात्र पूर्ण नव्हे, ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळणार होते. मला ती अट कडक वाटली आणि मी तसे बैठकीत बोललेही. त्याने ती विनातक्रार स्वीकारली.

फेरपरीक्षेच्या दिवशी मी त्याला वेगळ्याच तीव्रतेचे आम्ल दिले. त्याने आलेख काढला, सरळ वर चढलेल्या रेषेच्या मध्यावरून पट्टीने खाली लंब टाकला आणि आकडा लिहिला. तो बरोबर होता. ब्युरेट धुऊन, उलटी अडकवून तो निघाला आणि दारातून परत फिरला. पुढच्या सत्रात मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक आहे, तेव्हाही हे यंत्र मिळेल का, असे त्याने विचारले. मिळेल, असे मी सांगितले. कपाटाची किल्ली तोवर माझ्या खणात असे. ती मी त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवली.