रेडिएटर काढून परत बसवताना गळती कुठून होते

ब्रिटनमधल्या घरात गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरमागची भिंत नीट रंगवायची तर रेडिएटर काढावाच लागतो. हे काम घरच्या घरी करता येतं. गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची तिथली अधिकृत नोंदणी) यादीतला माणूस लागतो तो बॉयलरच्या गॅसच्या कामाला. परत बसवल्यावर ठिबकायला लागलं की बहुतेक जण नट आणखी आवळतात. पण गळतीची सुरुवात पुष्कळदा काढतानाच झालेली असते.

रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पाणी चालू-बंद करायचा एकेक व्हॉल्व्ह असतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हला तीन सांधे असतात. खाली पाइपवर ऑलिव्ह नावाची पितळी किंवा तांब्याची कडी दाबून बसवलेली असते. मध्ये व्हॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणारा युनियन नट असतो. तिसरा सांधा रेडिएटरच्या तोंडात पिळलेल्या टेलचा, म्हणजे आटे असलेल्या आखूड नळीचा. आपल्याला सोडवायचा असतो फक्त मधला. म्हणूनच दोन पाने लागतात: एकाने व्हॉल्व्ह घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला की व्हॉल्व्ह पाइपवर फिरतो, वर्षानुवर्षं जमलेली ऑलिव्हची पकड हलते आणि पाणी खालून झिरपायला लागतं. पाइप १० मिमीचा असेल तर जास्तच जपा, तो सहज मुडपतो.

आधी हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह ताऱ्याच्या खुणेवर ठेवला म्हणजे बंद झाला असं नाही. ती खूण पाइप गोठू नयेत म्हणून असते, त्यामुळे खोली फार गारठली की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. व्हॉल्व्हचं फिरवायचं डोकं काढून त्याजागी बंद करायची टोपी पिळा. दुसऱ्या बाजूचा लॉकशील्ड (टोपीखाली झाकलेला, पाण्याचा प्रवाह ठरवणारा व्हॉल्व्ह) बंद करताना फेरे मोजा, अगदी पाव फेराही, आणि आकडा चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. सगळ्या घरातल्या रेडिएटरांना पाणी सारखं मिळणं त्या आकड्यावर अवलंबून असतं.

आता वरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, किल्लीने उघडा. पाणी काही सेकंद येऊन थांबलं तर दोन्ही व्हॉल्व्ह धरतायत. धार चालूच राहिली तर एखादा व्हॉल्व्ह पाणी सोडतोय. नटाला हात न लावता आधी सगळी सिस्टिम रिकामी करा. ही परीक्षा कधीही टाळू नका.

नट सैल करताना खाली उथळ ट्रे आणि जुने टॉवेल हवेतच. आतलं पाणी काळं असतं, लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, आणि गालिच्यावरचा तो डाग जाता जात नाही. ६०० बाय १००० मिमीच्या दुहेरी रेडिएटरात पाच-सहा लिटर पाणी असतं आणि रिकामा रेडिएटरही तीसेक किलो भरतो, तेव्हा उचलायला दोघं हवेत. उचलण्याआधी त्याच्या दोन्ही तोंडांत कागदी नॅपकिनचे बोळे कोंबा.

बसवण्याआधी युनियनची दोन्ही टोकं नखाने तपासा. इथे पाणी अडतं ते धातूवर धातू बसून, आट्यांमुळे नाही. त्यामुळे त्या नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काही उपयोग नाही. बसायच्या जागेवरचा गाळ फडक्याने पुसून काढा. हवं तर जॉइंटिंग पेस्टचा पातळ हात द्या. टेप लागते टेलच्या आट्यांवर, तीही टेल काढली असेल तरच: आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि घड्याळाच्या दिशेने दहा ते पंधरा वेढे. टेलला रबरी रिंग असेल तर तिथेही टेप नको.

रेडिएटर ब्रॅकेटवर टांगल्यावर नट नुसत्या बोटांनी तीन-चार आटे चढला पाहिजे. चढत नसेल तर रेडिएटर ब्रॅकेटवर डावी-उजवीकडे सरकवा. पान्याने ओढून फट मिटवली की सांधा कायम ताणात राहतो. एक मीटर तांब्याचा पाइप ५० अंशांनी तापला की सुमारे ०.८ मिमी लांबतो, आणि रोज होणारी ही हालचाल ताणलेल्या सांध्याला पेलत नाही. हाताने घट्ट झाल्यावर दोन पान्यांनी पाव ते अर्धा फेरा, बस्स.

बरेच रेडिएटर रिकामे केले असतील तर गंजरोधक इनहिबिटर पुन्हा घाला. रिकाम्या रेडिएटरच्या वरच्या बुचातून ते ओतायला सोपं जातं, प्रमाण बाटलीवरचं. मग लॉकशील्ड हळूहळू उघडा, ब्लीड स्क्रूमधून हवा जाऊन पाणी आलं की तो बंद करा आणि लॉकशील्ड मोजलेल्या फेऱ्यांवर आणा. थर्मोस्टॅटचं डोकंही परत चढवा. माळ्यावर टाकी नसलेली सीलबंद सिस्टिम असेल तर गार असताना दाबाच्या गेजवर १ ते १.५ बार दाब हवा. फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची जोडनळी) बंद करायला विसरू नका. माळ्यावर टाकी असेल तर पाणी आपोआप भरतं.

आता प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू लावून बघा. गार असताना, तापल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी. सकाळची तपासणी सर्वांत महत्त्वाची. तापलेल्या सांध्यावरचं बारीक झिरपणं थेंब व्हायच्या आत वाळून जातं, आणि गार झाल्यावर धातू आकसला की तेच दिसायला लागतं.

टिश्यू युनियनवर ओला झाला तर आणखी अष्टमांश फेरा. लॉकशील्डच्या दांड्यापाशी ओला झाला तर तिथला छोटा ग्लँड नट किंचित आवळा. ऑलिव्हपाशी ओला झाला तर दोन पान्यांनी एकदाच थोडं आवळून बघा. तरीही थांबलं नाही तर सिस्टिम रिकामी करून नवीन ऑलिव्ह बसवा. जोर लावत राहिलात तर मऊ तांबं चेपतं आणि मग पाइप कापायची वेळ येते.