तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेकसाठी काय काय विकत घेऊ?

"काकू, ट्रेकिंग सुरू करायचंय. दहा हजार बाजूला काढलेत. काय काय घेऊ?"

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कधी ठाणे स्टेशनात कसारा लोकलची वाट बघताना, पाठीवरची सॅक बघून. तिथे उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही. गाडी येते आणि मी "आधी बूट घ्या" एवढंच म्हणून चढते. आज सवडीनं सांगते.

दहातले दोन-अडीच हजार घेऊन दुकानात जा. उरलेले घरीच राहू द्या. पहिले चार-पाच ट्रेक होईपर्यंत आपल्याला नेमकं काय लागतं, हे आपलं आपल्यालाच ठाऊक नसतं. कुणाला थंडी सोसत नाही, कुणाचे खांदे भरून येतात, कुणाचे उतरताना गुडघे बोलायला लागतात. ज्याची उणीव अंगाला जाणवली तेवढंच विकत घ्यायचं. बाकीचं उसनं किंवा भाड्यानं आणायचं. बुटांचं मात्र उसनं चालत नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

दुकानात गेलात की सगळ्यात आधी 'वॉटरप्रूफ' बूट दाखवतील, आणि ते महागही असतात. आपल्या पावसाळ्यात त्यांचा उपयोग कमी. सह्याद्रीत पाणी बुटात बाहेरून झिरपत नाही, वरून शिरतं: ओढा ओलांडताना, नाहीतर पँटवरून निथळत. एकदा आत गेलं की असल्या बुटातून ते बाहेर पडत नाही आणि दिवसभर पाय भिजलेले राहतात. जाळीचा बूट भिजतो तसा निथळतोही. तळाचं रबर मऊ हवं, ओल्या कातळाला धरणारं. आमच्या पिढीचे कितीतरी ट्रेकर ॲक्शन कंपनीच्या ट्रेकिंग शूजवर वाढले ते याच कारणासाठी. माझा शेवटचा जोड दीड हजाराच्या आत आला. मऊ रबर लवकर झिजतं, ते गृहीत धरायचं. आणि एक सांगून ठेवते, शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही, मग तो कितीचाही असो. तिथे पाऊल बघूनच टाकावं लागतं.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे नेऊन घाला. दुकानात उतार नसला तर जिन्याच्या पायरीवर पुढे झुकून उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा मागा, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. घेतल्यावर थेट गडावर जाऊ नका. आधी दोन-तीन सकाळी उपवनहून येऊरचा रस्ता चढून या. जिथे लागायचं तिथे बूट तेव्हाच लागतो.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगते, कारण ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्या कुणावरही ते येऊ शकतं. माझ्याकडे एक भारी जोड होता. हिमालयासाठी म्हणून घेतलेला, आठ-नऊ वेळाच घातलेला. पुढे सहा वर्षं तो माळ्यावर खोक्यात होता. एका डिसेंबरात माहुलीला तोच घालून गेले. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावर, उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. नाडीनं बांधला, तर अर्ध्या तासात डावाही गेला. सुटलेल्या जागी बोट लावलं तर मधला थर पिठासारखा भुगा होऊन हाताला लागला. खालच्या गावापर्यंत तळव्याला मोजे गुंडाळून, सोबतच्या मुलीच्या खांद्याला धरून उतरले. पुढचे चार दिवस पाय जमिनीला टेकवत नव्हता.

बूट वाईट होते असं नाही. पुष्कळ भारी बुटांत तळाच्या वर पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो, आणि हवेतल्या बाष्पानं त्याचे रेणू वर्षानुवर्षं हळूहळू तुटत जातात. बूट घातले नाहीत म्हणून ते थांबत नाही. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते, तिथे खोक्यातले बूट कसे वाचणार? ईव्हीए नावाच्या फोमचा थर असा पिठूळ होत नाही, म्हणून बूट घेताना मधला थर कशाचा आहे ते विचारा. सेलमधले बूट घेताना तर खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघाच. आपल्या कायद्यानं ते छापावं लागतं. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला जोड अर्ध्या किमतीत मिळाला तरी तो स्वस्त नाही. जुने बूट पुन्हा काढलेत तर आदल्या आठवड्यात त्या थरावर अंगठा दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते घरीच राहू द्या.

पावसाचं त्या मानानं सोपं आहे. चढताना घाम येतोच, त्यामुळे आपण आतून नाहीतर बाहेरून भिजणारच. भिजायचं नाही हा हट्ट सोडा, कोरडा जोड कोरडा ठेवण्यावर लक्ष द्या. साधा विंडचिटर पुरतो. सॅकवरचं रेनकव्हर माचीवरच्या वाऱ्यात उडतं, आणि पाठीकडून ओल येते ती येतेच. त्याऐवजी सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, कपडे तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा. पंचवीस किलोच्या गोणीच्या आत असते तशी. जांभळी नाक्याच्या बाजारात कुठल्याही दाणेवाल्याकडे विचारा, मिळून जाईल. जीन्स आणि सुती बनियन नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि वारा सुटला की हुडहुडी भरते. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. धनगर भर पावसात घोंगडी घेऊन रानात बसतो, तो काही उगीच नाही.

एक दिवसाच्या ट्रेकला कॉलेजची बॅग चालते. मुक्काम करायला लागलात की पंचेचाळीस-पन्नास लिटरची सॅक घ्या, पण दुकानात ती रिकामी पाठीला लावून बघू नका. घरून दोन लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या न्या, म्हणजे आठ किलो झाले. त्या आत घालून पंधरा मिनिटं दुकानात फिरा. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे आणि भार खांद्यावरून तिथे उतरला पाहिजे. तो पोटावर येत असेल तर ती सॅक तुमच्या पाठीच्या मापाची नाही, कितीही सूट असो. चेन चारदा उघडून बंद करून बघा. सॅकचं कापड सहसा दगा देत नाही, आधी जाते ती चेन.

स्लीपिंग बॅगवर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण लोक हिमालयाच्या थंडीची बॅग आणतात. जरा हिशेब करू. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कळसूबाई राज्यात सर्वांत उंच, 1646 मीटर. म्हणजे ठाण्यात पहाटे अठरा अंश असतील तर तिथे सात-आठ, वर वारा. याला पाच ते दहा अंशांची बॅग पुरते. उणे दहाची घेतलीत तर पाठीवर ओझं आणि रात्रभर घाम. लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. त्यातला कम्फर्टच बघा. एक्स्ट्रीम हा फक्त जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. पिसांची बॅग ओली झाली की बसते आणि ऊब जाते, म्हणून आपल्या दमट हवेत कृत्रिम तंतूंची घ्या. आणि कॅरीमॅट विसरू नका. अंगातली ऊब जमीन ओढून घेते, आणि अंगाखाली दबलेली बॅग तिला अडवू शकत नाही. साध्या फोमची मॅट काटा लागला तरी फुसकन बसत नाही.

तंबू घेऊच नका, निदान पहिली दोन वर्षं. सह्याद्रीत बहुतेक गडांच्या पायथ्याला गाव असतं आणि गावात घर. राजमाचीला उधेवाडीत, हरिश्चंद्रगडाला पाचनईत भाकरी मिळते, पडवीत पथारी मिळते आणि तुमचे पैसे त्या घरात जातात. अभयारण्यात तंबू लावायला परवानगी आहे का, हेही आधी विचारावं लागतं. हौस असेल तर भाड्यानं आणा. कापडावरचा 2000 किंवा 3000 मिलिमीटर हा आकडा म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते सोसतं. पण शिवणींवर आतून पट्टी नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, पाणी शिवणीतूनच येतं.

आणि जिथे मी अजिबात तडजोड करू देत नाही ते म्हणजे दोर. दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी), हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट यांत स्वस्त शोधायचं नाही आणि वापरलेलं घ्यायचं नाही. दोरावर आधी काय आदळलं, तो कुठे घासला, हे डोळ्यांना दिसत नाही. पडणाऱ्याला झेलणाऱ्या दोरावर ईएन 892 या युरोपीय मानकाची किंवा यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची खूण असते, कॅराबिनरवर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन. चाव्यांना लटकवायचे रंगीत कॅराबिनर दिसतात तसेच, पण त्यांना जीव टांगायचा नसतो. कड्याचा ट्रेक असेल तर शिकलेल्या लोकांबरोबर, त्यांच्या सामानावर जा.

एक हेडटॉर्च मात्र घ्या, जादा सेलसकट. अंधारात उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. हे धरून सगळं दोन-अडीच हजारांत बसतं.

राहिलं माझ्याकडचं सामान. दोन कॅरीमॅट, एक स्लीपिंग बॅग आणि एक पन्नास लिटरची सॅक जास्तीची आहे. शुक्रवारी संध्याकाळी घरी या, घेऊन जा, सोमवारी परत आणा. धुवून आणायची गरज नाही. मात्र ओली सॅक गुंडाळून ठेवू नका, आल्याबरोबर गॅलरीत उलटी टांगा. आणि येताना नवे बूट घालून या, जिन्यावर एकदा बघून घेऊ.