नळाचं कोमट पाणी

एप्रिलमधली सकाळची शाळा, शेवटचा तास बायबलचा. त्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. सगळा वर्ग मागच्या पटांगणात नळावर नेला. नागपूरचं ऊन, गच्चीवरची सिमेंटची टाकी, भिंतीवरून उतरलेली लोखंडी नळी. "ओंजळ भरून प्या रे," त्या म्हणाल्या. घोट घेतला आणि बहुतेकांनी तिथंच थुंकला.

मग निंबाच्या सावलीत त्यांनी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तिसरा अध्याय वाचला. लावदिकीया या जुन्या शहराजवळच्या हेरापली गावी गरम पाण्याचे झरे होते, दुखऱ्या अंगाला बरे. शेजारच्याच कलस्सै गावाचं पाणी गार, तहान भागवणारं. लावदिकीयाचं पाणी मात्र दुरून नळीनं यायचं आणि पोचेपर्यंत कोमट व्हायचं. तिथल्या मंडळीलाही, म्हणजे चर्चलाही, प्रभू तेच म्हणाला, तू कोमट आहेस. तोंडात अजून नळाची चव होती, त्यामुळे आम्हाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

जगाच्या शेवटच्या काळाची चिन्हं हा आम्हा पोरांचा आवडता विषय. मत्तयच्या चोविसाव्या अध्यायातल्या लढाया, भूकंप, दुष्काळ आम्ही बोटांवर मोजायचो. बाई बाराव्या वचनावर थांबायच्या. अधर्म वाढेल आणि पुष्कळांची प्रीती थंडावेल. "भूकंप झाला तर सगळ्यांना कळतो. हे कळत नाही, म्हणून मला याचीच भीती वाटते," असं त्या म्हणाल्याचं आठवतं. प्रार्थना लांबत चालली आणि घरातल्या माणसांशी बोलणं आखडत चाललं, की सावध व्हा, हेही त्यांचंच.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांची गोष्ट बाई दरवर्षी सांगायच्या. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्याशी आपुलकीनं गप्पा केल्या आणि बायबलमधला नवा करार हातात ठेवला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गप्पांतल्या वादात कोण जिंकलं हे बाईंनी कधी सांगितलं नाही, त्या आपुलकीबद्दलच बोलायच्या. पुढे मला रेल्वेत नोकरी लागली. नागपूर स्टेशनवर ड्यूटी असताना कितीदा तरी ते दोन प्रवासी डोळ्यांसमोर यायचे.

तरीही मी चुकलोच. बाबा गेल्यावर घराच्या हिश्श्यावरून धाकट्या भावाशी बिनसलं. चार वर्षं अबोला. मी मंडळीचा सेक्रेटरी, हिशेब चोख, एकही उपासना चुकवली नाही. आम्ही दोघं चर्चमध्ये भाकर नि द्राक्षरस वाटून घेण्याच्या एकाच प्रभुभोजनाला जायचो, वेगवेगळ्या दारांनी. एका लग्नात मला करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचायला सांगितला. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, इथपर्यंत आलो. समोर तिसऱ्या बाकावर तो बसला होता. पुढचं वाचताना आवाज निघेना. आणि खरं सांगतो, तोंडात त्या नळाची चव आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच्या घरी गेलो. कागदपत्रं नेली नव्हती. भावजयीनं दार उघडलं. तो बाहेर आला, बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी मी लग्नातल्या वाचनाचं सांगितलं, नळाचं सांगितलं.

तो म्हणाला, "दादा, आमच्याही वर्गाला बाईंनी नेलं होतं नळावर."