मोठा झालेला मुलगा

"मामा, मी आता मोठा झालोय. मला राक्षसाच्या गोष्टी नको सांगूस." माझा भाचा, वय वर्षं सात. रात्री दिवा मालवल्यावर पाच मिनिटांत हाक आली ती गोष्ट वेगळी. पण त्या वाक्याने मला एक जुनी तबकडी आठवली. ‘बिग बॉय’. जॅक्सन फाइव्ह या पाच भावांची बाजारात आलेली पहिली रेकॉर्ड, जानेवारी १९६८ची.

गाव गॅरी, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं. पोलादाच्या कारखान्याभोवती वसवलेलं, आपल्या जमशेदपूरसारखं. तिथल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीचं नावही ‘स्टीलटाउन’. मुलांचे वडील पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. घर दोन खोल्या झोपायच्या एवढंच, आणि पोरं नऊ! वडिलांची गिटार कपाटात असायची, तिला हात लावायची बंदी. पाच भावांतल्या टिटोने चोरून वाजवता वाजवता तार तोडली. त्या तुटलेल्या तारेपासून हे सगळं सुरू झालं, असं घरातलेच सांगत आले.

आता गाणं. गाणारा मायकल, म्हणजे पुढे जगभर गाजलेला मायकल जॅक्सन, वय नऊ. म्हणतोय काय, तर परीकथा, मोडकी खेळणी आता नकोत, मी मोठा झालो! आणि मागे सूर धरायला सोळा वर्षांचा थोरला भाऊ जॅकी. मला तर तो हसू दाबत असणार असंच वाटतं. रेकॉर्डिंग जरा कच्चंच आहे. पण त्या पोराचा आवाज मात्र लाडिक नाही. शब्द असे ठासून टाकतो की क्षणभर आपणही मान डोलावून म्हणतो, बरं बाबा, झालास मोठा.

पुढच्याच वर्षी मोटाउन या बड्या कंपनीने त्यांना घेतलं, आणि जानेवारी १९७०मध्ये ‘आय वाँट यू बॅक’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत अशी, की तिथे प्रसिद्धीसाठी मायकलचं वय कमी करून सांगत. मोठा झालो म्हणून गाणाऱ्याला पुन्हा लहान केलं! आणि पुढे त्यानेच स्वतःच्या शेतघराला नाव दिलं ‘नेव्हरलँड’, मोठं न होणाऱ्या मुलाच्या परीकथेतलं.

भाच्याला मी हे गाणं फोनवर ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. मग विचारलं, "हा कितवीत आहे?"