खिद्रापूरचा कोपेश्वर : जाताना उन्हाचा हिशेब ठेवा

कोपेश्वराचं जुनं शिवमंदिर खिद्रापुरात आहे, आणि खिद्रापूर म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याचं टोक. कृष्णाकाठचं गाव, पलीकडे कर्नाटक. आम्ही जयसिंगपूर-कुरुंदवाडमार्गे स्वतःच्या गाडीने गेलो. एसटीने येणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. आणि ऐन पावसाळा टाळाच. कृष्णेला पूर आला की या पट्ट्यातले रस्ते बंद होतात.

बरीच मंडळी थेट स्वर्गमंडपात, म्हणजे देवळाच्या पुढच्या खुल्या मंडपात शिरतात, वर बघत फोटो काढतात आणि निघतात. फोटोचा मोह मलाही आवरला नाही. छताच्या मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचं गोल गवाक्ष, बरोबर खाली जवळपास तेवढीच गोल दगडी रंगशिळा आणि तिच्याभोवती १२ खांबांचं कडं. दुपारी आत कवडसा येतो, पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने तो नेमका शिळेवर न पडता उत्तरेकडे सरकतो. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र माथ्यावर येतो तेव्हा इथे गर्दी उसळते. निवांत बघायचं असेल तर तो दिवस सोडा.

कवडसा बघून झाला की नजर वर, छताच्या गोल कडेवर न्या. मोरावरचा कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवरचे दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, तिथे आहेत. मग खांबांवरून हात फिरवायचा मोह होईल, तो आवरा. चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे आकार एकाच खांबात उतरवलेत, आणि दगड कोणता, तर काळा बेसाल्ट! काही कडा अजूनही चकचकीत आहेत.

आतला सभामंडप अंधारा, तिथे विजेरी हवीच. गाभाऱ्यात दोन लिंगं : कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू. नंदी मात्र नाही. सती त्याच्यावर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, अशी कथा सांगतात. तो नंदी कर्नाटकातल्या यडूरला आहे म्हणतात.

माझ्या मते खरा ऐवज बाहेरच्या भिंतींवर आहे. बांधकाम शिलाहार राजांच्या काळातलं, १२व्या शतकातलं. दक्षिण दाराजवळ यादव राजा दुसऱ्या सिंघणाचा शिलालेख आहे, शके ११३६चा, म्हणजे इ.स. १२१४च्या सुमाराचा. पायाशी हत्तींची रांग, पाठीवर देवता. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात, तरी झुलीवरच्या माळा आणि घंटा अजून मोजता येतात. वर सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रियांची शिल्पं, आणि पंचतंत्रातल्या गोष्टी. हे कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं, भर दुपारी सगळं सपाट होतं. म्हणून सकाळी लवकर पोचा, आधी बाहेरची प्रदक्षिणा करा, मग आत जा. उशीर झाला तर फरशी तापते. पायात मोजे असू द्या.

गावातलं जैन मंदिर चुकवू नका, तिथलंही कोरीवकाम याच तोलाचं आहे. जेवणाचं नरसोबाच्या वाडीला जमवा, आणि बासुंदीला जागा ठेवा.