निळा धागा

त्या बाईंच्या उजव्या कुशीतून बाहेर आलेली, पित्ताचा निचरा करणारी नळी त्या दिवशी पाचव्यांदा बदलायची होती. ११ वर्षांपूर्वी पित्ताशय काढताना त्यांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा झाली होती आणि नंतरच्या शस्त्रक्रियेत यकृतातून येणारी नलिका थेट लहान आतड्याला जोडण्यात आली होती. अशा जोडणीनंतर तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचणे फार अवघड असते, कारण वाटेत आतड्याची लांबलचक वळणे येतात. म्हणून कावीळ आणि थंडीताप घेऊन आलेल्या या बाईंना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीकडे, म्हणजे एक्स-रेसारख्या चित्रांच्या आधाराने सुई आणि नळीवाटे उपचार करणाऱ्या आमच्या विभागाकडे, पाठवण्यात आले. आम्ही बरगड्यांमधून यकृतात सुई घालून नळी बसवली आणि जोडापाशी झालेली अरुंद जागा दोनदा फुग्याने रुंद केली. तरीही काही आठवड्यांनी डाय, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारे द्रव्य, सोडून पाहिले की तीच अरुंद जागा आणि तिच्या वरच्या अंगाला तीच एक फिकट छाया पुन्हा दिसे.

फ्लुरोस्कोपीच्या, म्हणजे सलग चालणाऱ्या एक्स-रेच्या, पडद्यावर आम्हाला नलिकेचा आतला भाग दिसत नाही, तिच्यात भरलेली डाय दिसते. जिथे डाय पोहोचत नाही तिथे एक पोकळ छाया उरते आणि ती खड्याची आहे, रक्ताच्या गुठळीची आहे, बुडबुड्याची आहे की भिंतीतून वाढलेल्या गाठीची, हे आम्ही तिच्या कडेवरून आणि हालचालीवरून ठरवतो. इथली छाया हलत नव्हती. ब्रश फिरवून घेतलेल्या पेशींत कर्करोग आढळला नव्हता, पण ब्रशच्या तपासणीत काही न सापडल्याने कर्करोगाची शंका फिटत नाही, हे आम्हाला आणि बाईंच्या शल्यविशारदांनाही माहीत होते. आत डोळ्यांनी पाहण्यावाचून पर्याय उरला नव्हता.

तोवर अशा वेळी दुसऱ्या विभागाची लवचिक दुर्बीण मागून आणायची, हा आमचा शिरस्ता होता. ती त्यांच्या यादीतून मोकळी झाली तर मिळे. अनेकदा ती दुरुस्तीला गेलेली असे, आणि मिळालीच तर चित्रात काळे ठिपके असत, कारण जुन्या दुर्बिणीत प्रतिमा वाहून आणणारे काचतंतू वापराबरोबर एकेक करून तुटतात. त्याहून मोठी अडचण स्वच्छतेची होती. दुर्बिणीच्या आतल्या, एका मिलिमीटरहून थोड्याच रुंद वाहिनीत पित्त आणि रक्त वाळण्याआधी जागेवरच पाणी सोडायचे, गळती तपासायची, एन्झाइमच्या द्रावणात ब्रश घालायचा, निर्जंतुक करायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, हे सगळे दर वेळी बिनचूक करायला रोजचा सराव असलेली माणसे लागतात. महिन्यातून दोन-तीनदा दुर्बीण वापरणाऱ्या विभागाला तो सराव कुठून येणार? २०१५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ड्युओडेनोस्कोपच्या, म्हणजे तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेल्या जाणाऱ्या दुर्बिणींच्या, गुंतागुंतीच्या रचनेमुळे त्यांची परिणामकारक स्वच्छता अवघड ठरू शकते असा इशारा दिला, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही आश्चर्य वाटले नव्हते.

त्या दिवशी प्रथमच आमच्या टेबलावर एकदाच वापरून टाकायची दुर्बीण होती. सीलबंद वेष्टनातून निघालेली, साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीची, टोकाशीच बारीक कॅमेरा असलेली, वजनाला इतकी हलकी की पहिल्यांदा हातात घेतल्यावर खेळण्यासारखी वाटली. हे मत पुढच्या तासाभरात बदलले.

भूलतज्ज्ञांनी भूल दिली, प्रतिजैविक आधीच सुरू होते. जुनी नळी गाइडवायरवरून, म्हणजे वाट राखणाऱ्या बारीक तारेवरून, काढून आम्ही १२ फ्रेंचचे शीथ, म्हणजे दुर्बीण आत नेण्यासाठीची पोकळ नळी, बसवले. फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे चार मिलिमीटरच्या शीथमध्ये दुर्बिणीभोवती जेमतेम पाण्याला परतायला वाट राहिली. ही वाट महत्त्वाची, कारण आत सोडलेल्या सलाईनचा दाब वाढला तर संसर्ग झालेले पित्त उलटे रक्तात ढकलले जाते आणि रुग्णाला टेबलावरच हुडहुडी भरते. म्हणून सलाईनची पिशवी मी मुद्दाम खाली टांगायला लावली आणि सिस्टरांना आत किती गेले, बाहेर किती आले, याचा हिशेब मोठ्याने सांगायला सांगितले. दुसरी एक तार सुरक्षेसाठी शेजारी ठेवली.

पहिली पाच मिनिटे मला काहीच कळले नाही. फ्लुरोस्कोपीत डावे-उजवे कधी बदलत नाही. दुर्बिणीत मात्र मनगट जरा वळले की जग फिरते. पडदा एकदम लालभडक झाला की टोक भिंतीला टेकले आहे असे समजून मागे घ्यायचे, हे शिकायलाही दोन-तीन खेपा गेल्या. शेवटी सहायकाने एक्स-रेच्या पडद्यावर टोकाची जागा सांगायची आणि मी चित्र पाहायचे, अशी वाटणी केली तेव्हा हात स्थिरावला. पिवळसर पाण्यात तरंगणारे पित्ताचे कण बाजूला झाले आणि समोर तपकिरी, खडबडीत खडा आला. तो नलिकेत अडकल्यासारखा दिसत नव्हता, कशाला तरी लटकल्यासारखा दिसत होता.

विजेच्या ठिणगीने खडा फोडणारी बारीक तार वाहिनीतून पुढे नेली. तिचे टोक दुर्बिणीपासून काही मिलिमीटर पुढे, खड्याच्या अगदी जवळ आणि भिंतीपासून दूर ठेवावे लागते, नाहीतर त्याच ठिणगीने नलिकेला भोक पडू शकते. टकटक असा कोरडा आवाज येत राहिला आणि खड्याचे पापुद्रे सुटून जोडातून आतड्याकडे वाहून गेले. मधला गाभा उघडा पडला तेव्हा त्या सगळ्या पिवळ्या-तपकिरी चित्रात एक स्वच्छ निळी रेघ दिसली. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्या टेक्निशियनांनीच विचारले, "डॉक्टर, हा टाका आहे का?"

टाकाच होता. न विरघळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचा एक वेढा जोडाच्या आतल्या बाजूला उघडा राहिला होता आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षे पित्ताचे थर साचत गेले होते. धातूची क्लिप असती तर पहिल्याच चित्रात दिसली असती. हा धागा एक्स-रेला पारदर्शक. आम्ही दोनदा फुगा फुगवून जोड ताणला होता आणि खड्याचे मूळ दोन्ही वेळा जागच्या जागी ठेवून आलो होतो.

एक मिलिमीटरच्या चिमट्याने धागा धरला आणि ओढला तर सगळा जोड समोर सरकला. मी लगेच सोडला. जोडच फाटला असता तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया ठरलेली होती. मोकळे टोक शोधायला पुढची वीस मिनिटे गेली. ते सापडल्यावर धागा जवळजवळ आपोआप निघाला, जेमतेम दीड सेंटिमीटर. अरुंद जागेच्या कडेचे चार तुकडे तपासणीला पाठवले, नवी नळी बसवली आणि काम थांबवले. रात्री बाईंना थोडा ताप आला, सकाळपर्यंत उतरला.

टेबल आवरताना ती दुर्बीण माझ्या हातात होती. चित्र अजून स्वच्छ होते, चाके सहज फिरत होती. "सर, धुऊन एकदा वापरता येईल," असे शिकाऊ डॉक्टर हळूच म्हणाले, आणि तो मोह मलाही झाला नव्हता असे मी म्हणणार नाही. पण जी वस्तू धुण्यासाठी बनवलेलीच नाही तिच्या वाहिनीत काय उरले आहे, हे तपासायचा मार्ग आमच्याजवळ नव्हता. कॅमेऱ्यासकट ती कचऱ्याच्या पिशवीत टाकताना मन खट्टू झाले. इतके प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक भाग एका तासासाठी, हा हिशेब मला अजूनही पटलेला नाही. तरी अशा प्रत्येक रुग्णासाठी मी तीच मागवतो.

तुकड्यांच्या अहवालात केवळ जुनी सूज आली. काही आठवड्यांनी डाय अडथळ्याविना आतड्यात उतरली आणि बाईंची नळी निघाली.

त्या संध्याकाळी मी त्यांची आधीची सगळी चित्रे पुन्हा काढून बसलो. धागा नेमका कुठे होता हे आता मला मिलिमीटरपर्यंत ठाऊक होते. प्रकाश कमी-जास्त केला, चित्र मोठे केले, उलटे करून पाहिले. तो कुठल्याच चित्रात दिसला नाही.